ओळखीची हाक

मंगळवारी सकाळी पद्मजाबाई देशकर स्वतः व्हरांडा झाडत. एरवी झाडलोटीला बाई होती, पण मंगळवारची गोष्ट वेगळी. झाडून झालं की त्या आतून निळी सतरंजी आणत, चारही कोपरे ताणून अंथरत, पाण्याची कळशी आणि सहा स्टीलचे पेले खिडकीत ठेवत आणि दहाच्या ठोक्याला फाटकाची कडी काढत. छत्तीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसाला वेळेचं जे वेड लागतं ते निवृत्तीनंतरही सुटत नाही.

घर जबलपूरच्या खमरियाला, कारखान्याच्या वसाहतीच्या कुंपणाबाहेर. त्यांच्या वडिलांनी, नानांनी, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बांधलेलं. आता घरात दोघंच राहत. सदुसष्ट वर्षांच्या, लग्न न केलेल्या पद्मजाबाई आणि त्यांचे थोरले बंधू भय्यासाहेब. भय्यासाहेब त्र्याहत्तर वर्षांचे, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, विधुर. मुलगा पुण्याला. सकाळी पेपर, दुपारी झोप आणि मंगळवारी व्हरांड्यातल्या बायकांशी गप्पा, असा त्यांचा आठवडा जाई.

बायका यायच्या त्या ‘सेंटर’साठी. मागच्या वस्तीतल्या अकरा जणींनी एका खासगी कंपनीकडून छोटी कर्जं घेतली होती. तारण काही नाही, जामीन एकमेकींचा. दर मंगळवारी सगळ्यांनी एकत्र बसून हप्ता द्यायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीचा सचिन नावाचा तरुण जागा शोधत आला होता. मूळचा वर्ध्याकडचा, मराठी बोलणारा. “मॅडम, गरीब बायकांच्या पायावर उभं राहण्याचा प्रश्न आहे,” तो म्हणाला होता. पद्मजाबाईंनी तिथल्या तिथे व्हरांडा देऊ केला. भाडं घेतलं नाही. उलट हजेरीची वही त्याच लिहू लागल्या, वाचता न येणाऱ्या बायकांना कागद समजावून सांगू लागल्या. कंपनीच्या फॉर्मवर ‘परिचय देणारी व्यक्ती’ अशी एक ओळ होती. अकराही फॉर्मांवर तिथे त्यांची ठसठशीत सही होती. त्या सहीचा त्यांना अभिमान होता.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी दहा जणीच आल्या. शकु आली नव्हती. सलग दुसरा आठवडा. मागच्या वेळी तिचा हप्ता बाकीच्यांनी जमवून भरला होता.

दहा जणींनी उभं राहून नेहमीची शपथ म्हटली, “हम अपनी किस्त समय पर देंगे, और साथी बहन की किस्त भी हमारी ज़िम्मेदारी है।” मग पैसे जमा झाले. सचिनने मोबाइलवर आकडे भरले आणि मोबाइल खिशात टाकला.

“मीटिंग पूरी नहीं हुई है। शकु दीदी का बाकी है। तब तक कोई उठेगा नहीं।”

नियम सगळ्यांना ठाऊक होता.  अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. कुणाचा भात व्हायचा होता, कुणाला साहेबाच्या बंगल्यावर भांड्यांना जायचं होतं. गीतांजली सारखी पदराची गाठ सोडत-बांधत होती. तिला मोटरवालं शिलाई मशीन घ्यायचं होतं. नवीन कर्जाची मंजुरी त्याच आठवड्यात यायची होती, पण ग्रुपमध्ये एकही हप्ता थकलेला असता कामा नये, अशी अट होती.

“काहून येऊन नाही राहिली ही?” ती पुटपुटली. “तिच्यापायी माझं अडलं.”

वातावरण जड झालेलं पाहून भय्यासाहेबांनी पेपर खाली ठेवला. “अरे, तुम्ही काय बसून राहिल्या! बसणं पाहायचं होतं तर आमच्या पठाणाचं पाहायला पाहिजे होतं.”

ही गोष्ट बायकांनी आधी ऐकली होती. तरी बेबीताई म्हणाली, “सांगा ना, भय्यासाहेब. टाइम तरी जाईल.” बेबीताई ग्रुपची प्रमुख होती. अंगाने धिप्पाड, घरी तीन म्हशी आणि जीभ म्हशींच्या शिंगांसारखी.

मग भय्यासाहेबांनी सांगितलं. त्या काळी हिवाळा आला की जबलपूरच्या गल्ल्यांतून काबुली पठाण फिरत. सैल सलवार, वर जाकीट, डोक्यावर पागोटं, हातात लोखंडी टोकाची काठी. पाठीवरच्या गाठोड्यात हिंग, शिलाजीत, गरम कापड. माल उधारीवर देत आणि रोकडही देत. रुपयाला महिन्याला दोन आणे व्याज. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी त्यांची रांग उभी असे. नानांनी आत्याच्या लग्नासाठी त्यांच्यातल्या एकाकडून दोनशे रुपये घेतले होते. त्याला सगळे ‘आगा’ म्हणत. तीन महिने व्याज तुंबलं आणि आगा देशकरांच्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसला.

“तीन दिवस! नाना आत, आगा बाहेर. चूल पेटवली तर धूर दिसेल, म्हणून आईनं चूल नाही पेटवली. भिजवलेले पोहे खाल्ले आम्ही. मी तेरा वर्षांचा आन् ही पद्मा सात. हिला तर खोकायची पण चोरी. आन् तिसऱ्या दिवशी...” इथे भय्यासाहेब नेहमी थांबत, “त्यानं दारावर घातली लाथ. धाड! कडी तुटून पडली. नानांना गचांडी धरून बाहेर काढलं. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीसमोर, बनियनवर!”

“बाप रे,” एक जण म्हणाली.

“आपल्या नशिबी बरं हाय,” बेबीताई म्हणाली. “आपले सचिन भैया, बिना डंडे के पठान!”

सगळ्या खदाखदा हसल्या. सचिनही हसला, पण त्याचे कान लाल झाले. “मैं कहाँ बैठता हूँ, बेबी दीदी? मैं तो दरवाज़े पर पैर भी नहीं रखता। बैठती तो आप लोग हैं।”

हसणं मध्येच तुटलं. काय तुटलं ते पद्मजाबाईंच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाटलं, पोराला लागलं असावं.

साडेअकराला सचिन त्यांच्याजवळ आला. “मॅडम, तुम्ही चला ना जरा. ती आतच असते, पण या बायकांना उघडून नाही राहिली. तुम्ही सोबत असल्या तर भांडण पण नाही होणार.”

पद्मजाबाईंना ते पटलं. आपण असलो तर कुणी आवाज चढवणार नाही. शकुची अडचणही कळेल. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

वस्ती घरामागेच होती. शकुची खोली गल्लीच्या टोकाला, पत्र्याचं दार आतून लावलेलं. दाराशी चपलांचा एक जोड. बेबीताईने दार वाजवलं. आत हालचाल नाही. गीतांजलीने हाक मारली. नाही. सचिन कोपऱ्यावर मोटारसायकलला टेकून उभा होता आणि दुसरीकडे पाहत होता. बायकांनी पद्मजाबाईंना वाट करून दिली.

“शकु, अगं मी आहे. पद्मजादीदी. उघड बाई.”

कडी लगेच निघाली.

शकु उभी होती ती उजवा हात छातीशी धरून. कोपरापासून बोटांपर्यंत जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली. लग्नाच्या केटरिंगला पुऱ्या तळायला गेली होती, कढई कलंडली. बारा दिवस झाले होते. दोन्ही घरची स्वयंपाकाची कामं बंद. नवरा चार वर्षांपूर्वी सुरतला गेला तो गेलाच. एवढं सगळं ती पद्मजाबाईंकडे पाहून सांगत होती, आणि तिचं सांगून होईपर्यंत दहाही जणी तिला वळसा घालून आत शिरल्या होत्या आणि जमिनीवर बसल्या होत्या.

पुढे जे झालं त्यात आरडाओरडा नव्हता. कुणी हात उगारला नाही. नुसतं बसणं. दहा बाय दहाच्या खोलीत दहा बायका, त्यांच्या गुडघ्यांना गुडघे. शकुने डाव्या हाताने माठातलं पाणी काढून एकेकीला दिलं. बायकांनी घेतलं आणि प्यायल्या.  बारा वाजले. साडेबारा. शकु गल्लीतल्या संडासाला जायला निघाली तर दाराशी बसलेली बाई बाजूला झाली नाही.

“पहले किस्त,” ती खाली मान घालून म्हणाली.

पद्मजाबाईंनी बाहेर येऊन सचिनला गाठलं. “अरे, तिचा हात बघ. पुढच्या मंगळवारी घे ना.”

“मॅडम, मला संध्याकाळपर्यंत सेंटर पूर्ण दाखवावं लागते. नाही तर माझा पगार अडकते.” तो खोटं बोलत नव्हता.

त्या परत आत आल्या आणि पर्स उघडू लागल्या. “मी भरते तिचे.”

“अच्छा!” बेबीताई म्हणाली. आवाज हळू होता, म्हणून जास्त लागला. “दिवाळीच्या आधी माझी म्हैस मेली, तेव्हा ह्याच सगळ्या माझ्या घरी बसल्या होत्या. ही गीतांजली पण होती. माझी पितळेची भांडी गेली. तेव्हा तुमची पर्स कोठी होती, दीदी?”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही वहीत लिहिलं ना, ‘पूर्ण’. तुमच्या अक्षरात. आम्हाले वाटलं तुम्हाले माहीत हाय.”

पद्मजाबाईंचा हात पर्सवरच राहिला. दोन वर्षांत शंभर मंगळवार झाले असतील. प्रत्येक पानाखाली त्यांनी ‘पूर्ण’ लिहिलं होतं आणि खाली रेघ मारली होती. त्यातलं कुठलं ‘पूर्ण’ कुणाच्या घरातून काय घेऊन आलं होतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दीडच्या सुमारास शकुची मुलगी अंजनी शाळेतून आली. अकरावीत होती. सायकल भिंतीला लावून तिने आत डोकावलं, आईचा चेहरा पाहिला, बायकांची रांग पाहिली. कुणाला काही विचारलं नाही. सायकल तशीच वळवली आणि गेली.

पाऊण तासाने ती परत आली ती पायी. तिने मुठीतल्या नोटा बेबीताईच्या ओटीत टाकल्या. शाळा चार किलोमीटरवर होती.

बेबीताईने बाहेर जाऊन पैसे सचिनला दिले. त्याने मोबाइलवर बोट फिरवलं आणि अंगठा वर केला. दर मंगळवारी हप्ते पूर्ण झाले की सगळ्यांनी मिळून तीन टाळ्या वाजवायच्या, असा कंपनीचा रिवाज होता. कुणी सांगितलंही नव्हतं. सवयच होती. शकुच्या खोलीत दहा जणींनी तीन टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळीला पद्मजाबाईंचेही हात वर आले होते. त्यांनी ते अर्ध्यावर थांबवले.

निघताना शकु दारापर्यंत आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

“दुसऱ्या कोणी हाक मारली असती ना, दीदी, तर मी नसतं उघडलं.”

त्या संध्याकाळी देशकरांकडे दिवा लागला तरी पद्मजाबाई व्हरांड्यातच बसून होत्या. सतरंजी तशीच पडली होती. भय्यासाहेब चहाचे दोन कप घेऊन आले.

“काय झालं? दुपारपासून तोंड पाडून बसून राहिली.”

“भय्या, आगानं दार फोडलं तेव्हा कडी तुटली होती ना?”

“मग! सांगतो ना मी नेहमी.”

“ती क्वार्टर नंतर आपण अठ्ठावीस वर्षं वापरली. कडी कधी बदलली? मला ती जुनी लोखंडी कडीच आठवते. वरच्या बाजूला वाकलेली.”

भय्यासाहेबांनी कप खाली ठेवला. “काहून विचारून राहिली आता हे?”

“आज शकुला मी हाक मारली. तिनं माझा आवाज ओळखला आणि दार उघडलं. उघडलं त्या क्षणी हे मी आधी पाहिलंय असं वाटलं. दाराच्या आतून.”

 रस्त्यावरून कारखान्याची बस गेली. मग भय्यासाहेब बोलले ते गोष्ट सांगतानाच्या आवाजात नव्हतं.

“दिनकरकाका होते. भिंतीला भिंत लागून क्वार्टर त्यांची. नानांच्या कर्जाला तेच जामीन होते. तिसऱ्या दिवशी आगानं त्यांना कारखान्याच्या फाटकावर पकडलं. म्हणाला, तो नाही देत तर तू दे. मग काका आले त्याच्यासोबत आणि बाहेरून हाक मारली. ‘पद्माबाई, उघड गं बेटा, काका आलोय, खाऊ आणलाय.’ आई मोरीत होती. नाना मागच्या खोलीत. मी पोहोचेपर्यंत तू कडी काढली होती.”

“आणि लाथ?”

“लाथ मी घातली. गोष्टीत.”

पद्मजाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

“तू नंतर आठ दिवस बोललीच नाही. तापानं फणफणली. आई म्हणाली, पोरीच्या मनातून हे काढा. मग मी सांगायला लागलो, पठाणानं लाथ घातली, कडी तुटली. तुला सांगितलं, मोहल्ल्याला सांगितलं. तू मोठी होईतो तेच खरं झालं. नानांनी पण कधी दुरुस्त नाही केलं.”

“आणि काका?”

“काका आपले. आपल्या महाराष्ट्र मंडळाचे. तुझ्या नोकरीसाठी हेडमास्तरांकडे त्यांनीच शब्द टाकला होता. त्यांचं नाव कसं घेणार? पठाण परदेशी, चार वर्षांत दिसेनासा झाला. त्याचं नाव घ्यायला काय जाते.” ते थांबले. “आगा काही चांगला माणूस होता असं नाही बरं. नानांना त्यानं मारलं ते मी पाहिलंय. पण त्याला आपल्या घरात शिरता आलं नसतं, पद्मा. त्याचा आवाज आपण ओळखत होतो. त्या आवाजाला आपण कधीच उघडलं नसतं.”

चहा निवून गेला होता. पद्मजाबाईंनी उठून सतरंजीची घडी घातली. मग आतून हजेरीची वही आणली आणि दिव्याखाली पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

रविवारी शकुच्या खोलीला कुलूप होतं. तिची सासू वारली, असं कुणी म्हणालं. सुरतला गेली, असंही कुणी म्हणालं. खरं काय ते फक्त पद्मजाबाईंना कळलं, कारण दुपारी त्यांना फोन आला.

“दीदी, मी कटंगीले बहिणीकडे हाव. हात बरा झाला की येतो. तुमची आण, एक किस्त बुडवणार नाही. पण आता कोणाले सांगू नका. अंजनी शाळेत जायलेच तयार नाही. वर्गातल्या पोरींच्या आया होत्या ना त्या दिवशी बसलेल्या.”

मंगळवारी पद्मजाबाईंनी व्हरांडा झाडला. सतरंजी अंथरली नाही. दहा जणी आल्या, फरशीवरच बसल्या. शपथ म्हणायला उभ्या राहिल्या तेव्हा सचिनचं लक्ष शपथेत नव्हतं.

“मॅडम, शकु दीदीनं गाव सोडलं. माझा फोन उचलत नाही. तुमचा उचलते. तिचं ठिकाण तुम्हाला माहीत असेल.”

“आहे.”

“मग सांगा. दोन-तीन बायका जातील, एक गाडी करून देतो.”

“नाही सांगणार.”

सचिनने घाम पुसला. “मग तिची किस्त या दहा जणींना भरावी लागेल. आजची, पुढची, सगळ्या.”

गीतांजली ताडकन उठली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. “दीदी, मी काय बिघडवलं कोणाचं? रात्री बारापर्यंत फॉल-पिको करतो मी. तिचे पैसे मी काहून भरू? सांगून टाका ना!”

 कर्ज खरं होतं. हप्ता थकणार होता, तेही खरं होतं. आणि गीतांजलीने काहीच बिघडवलं नव्हतं, हे सगळ्यात खरं होतं. पद्मजाबाई सचिनकडे वळल्या.

“ज्याचा हप्ता थकेल त्याच्या घरी बाकीच्यांनी जाऊन बसायचं, उठू द्यायचं नाही, हा कंपनीचा नियम आहे ना?”

“हो... म्हणजे ग्रुपची जबाबदारी आहे.”

“मग एवढं लिहून दे.” त्यांनी वही आणि पेन पुढे केलं. “‘शकुच्या घरी जाऊन बसावे.’ खाली तुझं नाव, आजची तारीख. मी लगेच पत्ता देते.”

सचिनने वहीकडे पाहिलं. पेन घेतलं नाही. “असं लिहून नाही देता येत, मॅडम.”

“का?”

“कागदावर असं काही नाहीये.”

“तुझ्या साहेबांना विचार.”

त्याने फाटकाशी जाऊन फोन लावला. तो हळू बोलत होता, पण पलीकडचा आवाज चढा होता. “पागल हो क्या? लिख के कौन देता है?” एवढं व्हरांड्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

बेबीताई इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती सावकाश म्हणाली, “कागदावर नाही? मग माझ्या घरी तुम्ही कोणत्या नियमानं बसल्या होत्या गं?”

गीतांजली परत खाली बसली.

“आन् मी शकुच्या घरी कोणत्या?”

ती उठली. तिच्या मागून आणखी दोघी उठल्या, मग एक. त्यांनी आपापला हप्ता दिला, पावत्या मागून घेतल्या आणि पदरात बांधल्या.

“देखिए, ऐसे में सबका नया लोन कैंसल हो जाएगा,” सचिन म्हणाला. तो धमकी देत नव्हता, जवळजवळ विनवत होता. “आणि सेंटर बंद होणार नाही, मॅडम. मी बेबी दीदींच्या अंगणात घेईन.”

“घ्या ना,” बेबीताई म्हणाली. “माझ्या म्हशींच्या मधोमध बसा. पहिली टाळी वाजली की लाथ बसन, ते तेवढं साहेबाले सांगून ठेवा.”

दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या हसल्या नाहीत. सहा जणी बसूनच राहिल्या. त्यांत गीतांजली होती. अर्ध्या तासाने ती उठली आणि फाटकाशी पद्मजाबाईंसमोर थांबली.

“तुमची पेन्शन येते, दीदी,” ती म्हणाली. “माझं मशीन गेलं.”

ती गेली. पद्मजाबाईंनी तिला अडवलं नाही. ती म्हणाली त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.

दुपारी त्यांनी पोलिसांकडे द्यायचा अर्ज लिहायला घेतला. तीन तास लागले. कुठल्या तारखेला, कुणाच्या घरी, किती जणी, किती वेळ बसल्या, काय गेलं. बेबीताई, आणि तिने बोलावून आणलेल्या दोघी, आठवून सांगत होत्या, आणि हजेरीच्या वहीतल्या प्रत्येक ‘पूर्ण’समोर एक घर उभं राहत होतं. सात घरं निघाली. पितळेची भांडी, दोन सिलिंडर, चांदीचं कडं, एक शेळी, अंजनीची सायकल. एका बाईने काय दिलं ते सांगायला नकार दिला. पद्मजाबाईंनी तिथे जागा रिकामी सोडली.

चार वाजता ऑटो आला. भय्यासाहेब इस्त्रीचा सदरा घालून आधीच बसले होते. बेबीताई त्यांच्या शेजारी बसली तेव्हा ऑटो एका अंगाला कलला.

“दीदी, जेवून तरी यायचं होतं. ठाण्यात किती वेळ लागते काय माहीत,” ती म्हणाली.

ठाण्यात टेबलामागे एक मध्यमवयीन हवालदार होता. त्याने अर्ज शांतपणे वाचला. दुसरं पान उलटलं, परत पहिल्यावर आला आणि चष्मा वर केला.

“मैडम, सब ठीक है, बहुत साफ़ लिखा है आपने। लेकिन यहाँ ऊपर, जिनके ख़िलाफ़ शिकायत है, वहाँ पहला नाम आपका ही है। गलती से लिख गया होगा। काट दूँ?”

“गलती से नहीं लिखा।”

“मतलब?”

“ग्यारह फ़ॉर्मों पर इन औरतों की पहचान मैंने दी। सात घरों का हिसाब मेरे हाथ का लिखा है। और शकु का दरवाज़ा मैंने खुलवाया। कंपनी से तो वो खुल नहीं रहा था।”

हवालदाराने भय्यासाहेबांकडे पाहिलं, जणू घरचा पुरुष म्हणून त्यांनी काही म्हणावं. भय्यासाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून बहिणीकडे पाहत होते. बेबीताईने पुढे होऊन खालच्या ओळीवर साक्षीदार म्हणून आपलं नाव एकेक अक्षर जोडत लिहायला सुरुवात केली होती.

“तो आपको लिखूँ क्या? फ़रियादी या आरोपी?”

“दोनों लिखिए, भैया,” पद्मजाबाई म्हणाल्या. “जगह कम पड़े तो पन्ना पलट लीजिए।”